लोकर मोजायला घेतलेला वजनकाटा: दहा महिन्यांनंतर

स्वयंपाकघरातला तो पांढरा, 10 किलोचा, 1 ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा सगळ्यांनी पाहिलेला आहे, म्हणून वर्णन करत बसत नाही. मी तो गेल्या दिवाळीआधी साडेतीनशे रुपयांना मागवला, तो फक्त क्रोशासाठी. आमच्या गावातून तालुक्याला लोकर आणायला जायचं म्हणजे एसटीचं जाणं-येणं आणि अख्खा दिवस. एक गोळा कमी पडला तरी तेच, आणि दोन जास्तीचे आणले तर ते वर्षभर पेटीत पडून राहतात. सासूबाई म्हणाल्याही, "कायले मोजत बसतं वो, एक गोळा जास्तीचा आनून ठेव ना." पण दर वेळी एक गोळा जास्तीचा म्हणजे वर्षाला किती पैसे झाले, ते मी बघितलंय.

पहिलंच काम जाऊबाईंची शाल. 150 बाय 60 सेंमी, मरून रंग, साधे खांब (क्रोशाचा उभा टाका). 10 बाय 10 सेंमीचा तुकडा विणून काट्यावर ठेवला, 4 ग्रॅम. शालीत असे 90 तुकडे बसतात, म्हणजे 360 ग्रॅम. 100 ग्रॅमचे चार गोळे आणले आणि निश्चिंत झाले. शेवटच्या तीन ओळी आणि काठ राहिला, लोकर संपली. पुन्हा गेले तर त्याच रंगाचा लॉट नंबर, म्हणजे एका वेळी रंगवलेल्या मालाचा आकडा, वेगळा. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली दोन्ही सारखे दिसले; घरी अंगणात उन्हात धरले तेव्हा नवा गोळा चक्क विटकरी. शेवटी तीन ओळी आणि काठ क्रीम रंगात केला. जाऊबाईंना आवडला, पण मला तो अजून डाचतो.

राग काट्यावर होता. मग 2011 च्या मालिकेतली ती पिवळी पाच रुपयांची नाणी ठेवून पाहिली, एक नाणं 6 ग्रॅमचं. पाच नाणी, बरोबर 30. काटा खरा होता, चूक माझ्या तुकड्यात होती. काटा 4 दाखवतो तेव्हा खरं वजन साडेतीन ते साडेचार, कुठेही असू शकतं. त्याला 90 नं गुणा: 315 ते 405. जवळजवळ एका गोळ्याचा फरक!

तेव्हापासून तुकडा 20 बाय 20 चाच घालते. त्याच लोकरीचा तो 18 ग्रॅम भरला. शालीत साडेबावीस तुकडे, म्हणजे 405, आणि काठाचे वेगळे. आता चूक झाली तरी दहा-बारा ग्रॅमची. वेळ जातो, पण वजन झालं की तुकडा उसवून तीच लोकर वापरते, वाया काही जात नाही. गोल रुमालाला वेगळं ध्यान ठेवा. अर्ध्या त्रिज्येपर्यंत आलात म्हणजे लोकर अर्धी नाही, फक्त पाव संपलेली असते.

आता या काट्याची खरी खोड. तो दीड-दोन मिनिटांत आपोआप बंद होतो. वाटी ठेवा, शून्य करा, गोळा ठेवा, तेवढ्यात दारात कोणी आलं की संपलं. पुन्हा चालू केला की वाटी-गोळ्यासकट शून्य दाखवतो. ओळीला किती लोकर लागते हे बघताना माझा आकडा असा कितीदा गेला! बॅटरी वाचवायला केलं असेल, पण बॅटरीपेक्षा माझी ओळ महाग आहे. उपाय केला तो असा: स्टीलच्या वाटीच्या बुडाला नेलपॉलिशनं तिचं वजन, 142, लिहिलं. काटा रिकामाच चालू करायचा, वाटीसकट गोळा ठेवायचा आणि 142 वजा करायचे. शून्याच्या बटणाला हात लावायचा नाही.

इथपर्यंत मी याला पाचातले दोन तारे देणार होते. श्रावणात मत बदललं.

तोरणासाठी पांढरं सुती सूत मे महिन्यात मोजून ठेवलं होतं, 212 ग्रॅम. श्रावणात काढलं तर 223. काटा विकणाऱ्याला फोन केला, तर दर वेळी एकच उत्तर: बॅटरी बदला. बदलली, तरी 223. तीनदा फोन केला आणि तिन्हीदा वैतागले. नाणी ठेवली तर 30. आमच्या घरच्यांनी नुसतं सूत हातात घेतलं आणि म्हणाले, "काटा बराबर आहे. तुह्या सुतात ओल आली." कापूस विकणाऱ्याला हे सांगावं लागत नाही, सरकारी खरेदीत ओल 8 टक्क्यांवर गेली की भाव कापतात, 12 च्या वर गाडी परत. तोच कापूस माझ्या पेटीत होता आणि माझ्या ध्यानात आलं नाही. अ‍ॅक्रिलिक लोकर ओल फारशी धरत नाही, तिचं वजन मेमध्ये होतं तेवढंच भरलं. तेव्हा सुती काम असेल तर तुकडा आणि गोळे एकाच दिवशी मोजा. उन्हाळ्यातला आकडा पावसाळ्यात वापरू नका.

चार तारे देते. पाचवा त्या आपोआप बंद होण्यामुळे गेला. 0.1 ग्रॅमचा छोटा काटाही मिळतो, पण हा चालतोय तोवर घेणार नाही. तोरणाचा तुकडा काल उसवला, पुन्हा मोजला, 9 ग्रॅम जास्तीचं सूत हाताशी ठेवून पहिली साखळी घातली आहे.