लॉन-केअर फ्रँचायझी: पगाराची नोकरी सोडून घेतलेल्या धंद्याचे परीक्षण

अमेरिकेत मधल्या फळीतील व्यवस्थापकांच्या नोकऱ्या डळमळू लागल्या की फ्रँचायझी विकणाऱ्या दलालांचे फोन वाढतात आणि त्यांच्या यादीत लॉन-केअर, म्हणजे अंगणातील हिरवळीची निगा, हमखास असते. दुकान भाड्याने घ्यावे लागत नाही, माल नासत नाही, ग्राहक दर वर्षी परत येतो आणि मंदी आली म्हणून अंगणात तण उगवायचे थांबत नाही, असा त्यांचा युक्तिवाद असतो. संगणक क्षेत्रातील प्रकल्प-व्यवस्थापन सोडून ओहायोमध्ये मी अशी एक फ्रँचायझी घेतली, तिचे हे परीक्षण आहे. कंपनीचे नाव येथे देत नाही, कारण या धंद्यातील करार एकमेकांशी इतके मिळतेजुळते असतात की माझे म्हणणे एका कंपनीपेक्षा या प्रकारच्या सौद्यालाच अधिक लागू पडते. फ्रँचायझी कंपनी हिरवळीचे शास्त्र आणि वर्षाचे वेळापत्रक उत्तम शिकवते. नफा मात्र घराघरांमधील अंतरावर आणि वसंत ऋतूत मिळणाऱ्या माणसांवर ठरतो, आणि या दोन्ही बाबतींत मालकाला स्वतःच्याच जिवावर उभे राहावे लागते.

नवख्या माणसाचा पहिला गैरसमज असा असतो की हा गवत कापण्याचा धंदा आहे. गवत कापणे हा वेगळा व्यवसाय असून त्यात एक ट्रक आणि एक यंत्र घेऊन कोणीही उतरू शकतो. त्यामुळे तेथील दर कायम पडलेले असतात. लॉन-केअर म्हणजे खत, तणनाशक, कीडनियंत्रण, एरेशन (हवा-पाणी खेळावे म्हणून जमिनीत यंत्राने छिद्रे पाडणे) आणि बी पेरणे. यातील फवारणी पैसे घेऊन करायची तर राज्याच्या कृषी खात्याची परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो, आणि हाच परवाना या धंद्याचे कुंपण आहे. ओहायोतीलच ट्रॉय या गावी १९६०च्या दशकाच्या अखेरीस केमलॉन सुरू झाली आणि टँकरमधून द्रवरूप खत फवारण्याचा प्रकार तिने देशभर नेला. लॉन डॉक्टर १९६७ साली न्यू जर्सीत, वीड मॅन १९७० साली कॅनडात आणि स्प्रिंग-ग्रीन १९७७ साली इलिनॉयमध्ये सुरू झाली. या तिन्ही कंपन्या आज फ्रँचायझी देतात. बाजारातील सर्वांत मोठे नाव मात्र ट्रूग्रीनचे आहे, आणि कोणत्याही गल्लीत नवा मालक शिरला की त्याची पहिली गाठ बहुधा त्यांच्याच ग्राहकाशी पडते.

आता प्रशिक्षणाविषयी. संपूर्ण सौद्यात पैसे वसूल झाल्यासारखे वाटावे अशी ही एकच बाब आहे, म्हणून तिच्यावर थोडे सविस्तर लिहितो. शेतीशी काडीचा संबंध नसलेल्या माणसाला एका हिवाळ्यात नत्र, स्फुरद, पालाश, मातीचा सामू, पानावरचे रोग आणि मुळाशी लागणारी कीड यांचे व्यवहारापुरते ज्ञान देणे सोपे नाही, आणि ते येथे शिस्तीने दिले जाते. ओहायोत थंड हवामानातील गवते वाढतात: केंटकी ब्लूग्रास, टॉल फेस्क्यू, पेरेनियल रायग्रास. त्यांची जोमदार वाढ वसंतात आणि शरदात होते. भर उन्हाळ्यात ती सुस्तावतात आणि अशा वेळी जास्त नत्र दिले तर ग्राहकाचे अंगण करपते. दक्षिणेकडील राज्यांत हे गणित उलटे असते. तेथे बर्म्युडा म्हणून जे गवत लोक पैसे मोजून जोपासतात, ती आपल्या शेतकऱ्याने पिढ्यान् पिढ्या कुदळीने खणून बांधावर फेकलेली हरळीच आहे. ही गंमत प्रशिक्षणाच्या वर्गात सांगून कोणालाही समजली नसती.

वेळापत्रकाचा गाभा क्रॅबग्रास नावाच्या वर्षायू तणाभोवती फिरतो. जमिनीचे तापमान काही दिवस सलग ५५ अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे सुमारे १३ अंश सेल्सिअसच्या आसपास राहिले की त्याचे बी रुजू लागते, आणि उगवणीपूर्व तणनाशक त्याच्या आधी जमिनीत असावे लागते. उशीर झाला तर औषध जवळजवळ वाया जाते. तेच तणनाशक गवताचे नवे बीही रुजू देत नाही, त्यामुळे एप्रिलमध्ये एकाच अंगणात तणही नको आणि नवे बीही हवे असे म्हणणाऱ्या ग्राहकाला, काही मोजके पर्याय सोडले तर, नाही म्हणावे लागते. हुमणीसाठीचे, म्हणजे मुळे खाणाऱ्या अळीसाठीचे, प्रतिबंधक औषध उन्हाळ्याच्या सुरुवातीला अंडी उबण्याच्या बेतास द्यावे लागते. एरेशन आणि पेरणी ऑगस्टच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत होते, आणि तीही पाऊस पडून जमिनीला वाफसा आल्यावर. कोरड्या चिकणमातीत एरेशनचे दात शिरतच नाहीत. ग्राहकांच्या प्रश्नांना उत्तरे कशी द्यावीत याचीही चांगली तयारी करून घेतली जाते. २०१४ च्या ऑगस्टमध्ये एरी सरोवरातील विषारी शेवाळामुळे टोलेडोमध्ये नळाचे पाणी पिण्यास मनाई झाली होती, आणि त्या सरोवराच्या परिसरातील ग्राहक आजही खतातील स्फुरदाविषयी विचारतात. त्या शेवाळामागे शेतांतून वाहून येणाऱ्या स्फुरदाचा वाटा मोठा असला, तरी अंगणातही माती परीक्षणात कमतरता दिसल्याशिवाय स्फुरद न देणे आणि पदपथावर सांडलेले दाणे पुन्हा गवतात झाडून टाकणे, ही दोन्ही पथ्ये कंपनी काटेकोरपणे शिकवते. त्याबद्दल तिला पूर्ण गुण.

संगणकप्रणाली कामचलाऊ आहे. गणवेश, गाडीवरची रंगीत पाटी आणि खतपुरवठादारांकडून मिळणारी सवलत यांविषयी तक्रार नाही, पण यांपैकी कोणत्याही गोष्टीसाठी कोणी फ्रँचायझी घेऊ नये.

जाहिरातीत न दिसणारी पहिली गोष्ट म्हणजे अंतर. साध्या कल्पित हिशेबाने पाहू. एका अंगणाचे काम २० मिनिटांचे आहे आणि त्याचे ६० डॉलर मिळतात असे धरू. पुढचे घर ४ मिनिटांवर असेल तर आठ तासांत एक तंत्रज्ञ २० घरे करतो आणि दिवसाला १२०० डॉलर जमा होतात. पुढचे घर १५ मिनिटांवर असेल तर तेराच घरे पूर्ण होतात आणि जमा होते ७८० डॉलर. माणसाचा पगार दोन्ही दिवशी तोच असतो, गाडीचे इंधन दुसऱ्या दिवशी उलट जास्त जळते. या धंद्यात खताचा खर्च मालकाला सुरुवातीला जितका भिववतो तितका तो मोठा नसतो. खरी गळती गाडी चालवण्यात जाणाऱ्या वेळेची आहे. कंपनी टेरिटरी, म्हणजे धंद्यासाठी नेमून दिलेला भाग, देते ती पिनकोड आणि घरांच्या संख्येने, आणि विक्री करणारा प्रतिनिधी टेरिटरी जितकी मोठी तितकी चांगली असे समजावतो. नव्या मालकाने पहिल्या हंगामात टेरिटरीचा बराचसा भाग विसरून दोन-तीन लगतच्या वसाहतींतच दारोदार फिरावे. दूरच्या ग्राहकाला नकार देणे जड जाते, विशेषतः हातात मोजकेच ग्राहक असताना; परंतु एक लांबचे घर दिवसातील दोन जवळची घरे खाते.

दुसरी गोष्ट म्हणजे माणसे. मार्चच्या अखेरीपासून मेपर्यंत सगळे काम एकदम अंगावर येते. पावसाने चार दिवस खाल्ले तर ती घरे पुढच्या आठवड्यावर साचतात, आणि क्रॅबग्रास कोणासाठी थांबत नाही. वाहन परवाना असलेला, खताने भरलेला स्प्रेडर (दाणे पसरण्याची ढकलगाडी) दिवसभर ढकलू शकणारा, फवारणीचे नियम पाळणारा आणि नोव्हेंबरनंतर काम कमी होईल हे मान्य असणारा माणूस मिळवणे ही मालकाची जबाबदारी आहे. हंगामी कामगारांसाठीच्या एच-२बी व्हिसावर कायद्याने वर्षाला ६६,००० ची मर्यादा आहे आणि हिरवळ-बागकामाचे व्यावसायिक त्यावर तुटून पडतात. नव्या छोट्या मालकाने त्यावर भिस्त ठेवू नये. व्यवस्थापकाच्या हाती कारभार सोपवून मालकाने अधूनमधून लक्ष घालावे, असे चित्र विक्रीच्या बैठकीत रंगवले जाते. निदान पहिली दोन वर्षे तरी ते खरे मानू नये. त्या काळात मालकच गाडीत असतो, संध्याकाळी ग्राहकांचे फोनही तोच घेतो, आणि फवारणी झाल्याचे सांगणाऱ्या, अंगणात खोचायच्या झेंड्या संपल्या तर त्याही तोच आणतो.

कंपनीला द्यायच्या रॉयल्टीकडे पाहताना ती नफ्यावर आकारली जात नाही, एकूण विक्रीवर आकारली जाते, हे सतत ध्यानात ठेवावे लागते. पुन्हा कल्पित आकडे घेऊ. वर्षाची विक्री ४ लाख डॉलर, रॉयल्टी १० टक्के आणि जाहिरात निधी २ टक्के असेल तर कंपनीला ४८,००० डॉलर जातात. बाकी सर्व खर्च वजा जाता हातात २० टक्के, म्हणजे ८०,००० डॉलर उरत असतील, तर मालकाकडे ३२,००० राहतात. घरे विखुरलेली असल्याने ते २० टक्के घसरून १२ वर आले, तर मालकाने वर्षभर फुकट काम केले आणि कंपनीचे उत्पन्न एका डॉलरनेही घटले नाही. जाहिरात निधीबद्दल माझे मत अधिक कडक आहे. देशपातळीवर ब्रँडची ओळख वाढवण्यासाठी तो वापरला जातो असे सांगितले जाते. परंतु ज्या गावात ग्राहक हवे आहेत तेथे दारावर टांगायच्या चिठ्ठ्या, फेब्रुवारीतील टपाल आणि शेजाऱ्याची शिफारस हीच कामाला येतात, आणि त्यांचा खर्च मालकाला पुन्हा वेगळा करावा लागतो. वर्षाचे पैसे हिवाळ्यातच भरणाऱ्या ग्राहकाला थोडी सवलत देण्याची पद्धत मात्र कंपनीने चांगली शिकवली. तिच्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीच्या कोरड्या महिन्यांत रोकड हाती येते. ती रक्कम अजून न केलेल्या कामाची आहे, हे विसरून तिच्यातून नवी गाडी घेणारे लोकही या धंद्यात आहेत.

सौदा करण्यापूर्वी वाचायचा दस्तऐवज म्हणजे फ्रँचायझी डिस्क्लोजर डॉक्युमेंट, अर्थात कंपनीने इच्छुक मालकाला द्यायचे माहितीपत्रक. फेडरल ट्रेड कमिशन या अमेरिकी सरकारी संस्थेच्या नियमानुसार करारावर सही करण्याच्या किंवा पैसे देण्याच्या किमान १४ दिवस आधी तो हाती पडलाच पाहिजे. त्यात २३ कलमे असतात. सर्वच वाचावीत, परंतु तीन कलमांवर पेन्सिल घेऊन बसावे. सातव्या कलमात सुरुवातीच्या गुंतवणुकीचा अंदाज असतो. त्यातील अतिरिक्त भांडवलाचा आकडा बहुधा पहिल्या तीन महिन्यांपुरता धरलेला असतो. ज्या धंद्याला हिवाळाच तीन महिन्यांहून मोठा आहे, त्यात हा आकडा फारच तोकडा ठरतो. एकोणिसाव्या कलमात शाखांच्या कमाईची माहिती देता येते, पण ती देणे सक्तीचे नाही, आणि दिली असेल तेव्हा ती किती वर्षे चाललेल्या शाखांची आहे हे तपासावे. वीस वर्षांच्या दाट मार्गांवर चालणाऱ्या शाखेची सरासरी नवख्याच्या काही कामाची नाही. विसाव्या कलमात गेल्या तीन वर्षांत किती शाखा उघडल्या, बंद झाल्या किंवा हस्तांतरित झाल्या हे दिलेले असते, आणि चालू तसेच सोडून गेलेल्या मालकांचे संपर्कही असतात. सोडून गेलेल्यांना फोन करावा. कंपनी ज्या आनंदी मालकांची नावे आपणहून पुढे करते, त्यांच्या दोन तासांच्या गप्पांपेक्षा सोडून गेलेल्याची दहा मिनिटे अधिक उपयोगाची असतात.

पैशाच्या सोयीविषयी थोडे. एसबीए या छोट्या उद्योगांसाठीच्या सरकारी संस्थेच्या हमीवर मिळणाऱ्या कर्जासाठी २० टक्के किंवा अधिक मालकी असलेल्या प्रत्येकाला वैयक्तिक हमी द्यावी लागते, म्हणजे मालकाची स्वतःची कंपनी मर्यादित दायित्वाची असली तरी कर्ज घरापर्यंत येते. निवृत्तीसाठी साठवलेले ४०१(के)चे पैसे दंड न भरता धंद्यात घालण्याची एक वाट आहे. तिच्यासाठी सी कॉर्पोरेशन (मालकांपासून वेगळा कर भरणारी कंपनी) स्थापन करावे लागते आणि नियमांत चूक झाली तर आयआरएसशी, म्हणजे आयकर खात्याशी, गाठ पडते. दलाल ही वाट फार सहजतेने सुचवतात. मराठी वाचकांपैकी जे अजून ग्रीन कार्डच्या रांगेत आहेत, त्यांच्यासाठी तर प्रश्न आणखी आधी सुरू होतो: एच-१बीवरील माणसाचे काम त्याच्या प्रायोजक मालकाशी बांधलेले असते, आणि गुंतवणूकदारांचा ई-२ व्हिसा भारतीय नागरिकांना मिळत नाही. अशांनी दलालाआधी इमिग्रेशनच्या वकिलाकडे जावे.

ज्याला माणसे हाताळण्याची, तक्ते पाहून निर्णय घेण्याची सवय आहे पण मातीची ओळख नाही, त्याला पहिल्या तीन-चार वर्षांसाठी ही फ्रँचायझी रॉयल्टीसकट परवडते, असे माझे मत आहे. ज्याने एखाद्या लॉन कंपनीत तंत्रज्ञ म्हणून दोन-तीन हंगाम काढले आहेत आणि ज्याच्याकडे परवाना आहे, त्याने स्वतःच्या नावाने सुरुवात करावी; त्याला जे विकत मिळणार आहे ते त्याच्याकडे बहुतांशी आहेच.

अडचण अशी की तीन-चार वर्षांनंतर रॉयल्टी नकोशी वाटू लागली तरी करार तेवढ्यावर संपत नाही. माझ्या करारात दूरध्वनी क्रमांक, संकेतस्थळ आणि ग्राहकांची यादी यांवर अंतिम हक्क कंपनीचा आहे, आणि बाहेर पडल्यावर त्याच भागात हाच धंदा करण्यास काही काळ बंदी आहे. शाखा विकायची तर नवा मालक कंपनीला पसंत पडावा लागतो, हस्तांतरणाचे शुल्क भरावे लागते, आणि बाहेरच्या खरेदीदाराने देऊ केलेल्या किमतीला ती शाखा स्वतः विकत घेण्याचा पहिला हक्क कंपनी राखून ठेवते. या सर्व अटी डिस्क्लोजर डॉक्युमेंटच्या सतराव्या कलमाच्या तक्त्यात एका पानावर दिसतात, आणि वाटाघाटीला थोडी जागा असलीच तर ती सहीपूर्वीच्या त्या १४ दिवसांत असते. हस्तांतरणाचे शुल्क कमी करून मागावे. बंदीचा भाग टेरिटरीपुरता मर्यादित करून मागावा. दोन्ही मागण्यांना माझ्या कंपनीने नकार दिला. तिच्याच दुसऱ्या एका शाखेच्या मालकाला मात्र दुसरी मागणी मान्य करून मिळाली होती.