कोकणातल्या नेटवरून मोठ्या फाइल पाठवायच्या तर एफटीपी, एसएफटीपी की आरसिंक?

मालवणात लग्नाचं व्हिडिओ शूटिंग करतो, एडिटिंग पुण्याला, म्हणजे दर लग्नामागे १५-२० जीबी सर्व्हरवर चढवायचं. मे महिन्यातली लग्नं आणि वळवाचा पाऊस एकत्रच येतात, लाइट जाते येते परत जाते, आणि कनेक्शन तुटलं की नवीन मुलं विचारतात सॉफ्टवेअर बदलू का. बदला, पण आधी राउटर इन्व्हर्टरवर घ्या आणि त्याच्यासोबत भिंतीवरचा फायबरचा छोटा डबा पण घ्या, तो बरेच जण विसरतात. आणि अपलोड करताना वायफाय नको, वायर लावा.

आता एफटीपी, म्हणजे सर्व्हरवर फाइल पाठवायची जुनी पद्धत, फाइलझिला हे सॉफ्टवेअर उघडून पोर्ट २१ ला (सर्व्हरच्या ठरलेल्या दाराला) जोडायचं ते. याची गोम अशी की यात दोन कनेक्शन असतात, एक बोलण्याचं आणि एक माल वाहण्याचं. माझी १४ जीबीची फाइल दीड तास चालली, पट्टी १०० टक्क्यांवर गेली आणि मग लाल अक्षरात २० सेकंद काही हालचाल नाही म्हणून टाइमआउट! झालं काय, तर दीड तास सगळा माल दुसऱ्या कनेक्शनवरून जात होता, बोलण्याचं कनेक्शन गप्प बसलेलं, राउटरला वाटलं हे मेलं, त्याने ते काढून टाकलं, मग फाइल पोचली हा निरोपच आला नाही. मी घाईत ओव्हरराइट दिलं आणि अजून दीड तास गेला. तुम्ही आधी सर्व्हरवरची साइज बघा, जुळली तर फाइल बहुतेक पोचलेली असते. सेटिंगमधल्या कीपअलाइव्हवर (कनेक्शन जिवंत ठेवायला अधूनमधून निरोप पाठवायची सोय) यासाठी विसंबू नका, तो रिकामं बसल्यावर कामाला येतो. एफटीपीच वापरावं लागलं तर २-२ जीबीचे तुकडे करा. आणि लॉगिन होऊन फोल्डरची लिस्टच येत नसेल तर पॅसिव्ह मोड (मालाचं कनेक्शनही आपल्याच बाजूने उघडायची पद्धत) चालू आहे का ते बघा.

एसएफटीपी, म्हणजे फाइल पाठवायची दुसरी, सुरक्षित पद्धत, पोर्ट २२ वरून, सगळं एकाच कनेक्शनमधून, त्यामुळे वरचा घोळ होतच नाही. फाइलझिलातही चालतं, पण मला विनएससीपी हे दुसरं सॉफ्टवेअर आवडतं कारण मोठी फाइल चढताना नावापुढे फाइलपार्ट लागतं, अर्धवट कोणती ते दिसतं, आणि तुटलं की बहुतेक वेळा तिथूनच पुढे चालू. मोबाइल हॉटस्पॉटवर गेलात की आयपी बदलतो आणि चालू कनेक्शन तुटणारच, पण इथे निदान गेलेलं वाया जात नाही. विंडोजवाल्यांनी डोळे झाकून हेच घ्या. एडिटरने फक्त एफटीपीचं लॉगिन दिलं असेल तर एसएफटीपीचं मागून घ्या.

आरसिंक, म्हणजे कमांड लिहून फाइल पाठवायचं सॉफ्टवेअर, रात्रभर लावून झोपायला बेस्ट. कमांडमध्ये पार्शल ऑप्शन (--partial) मात्र द्यायलाच हवा, नाहीतर तुटल्यावर अर्धी फाइल तो स्वतःच पुसतो. छोट्या लूपमध्ये टाका, तुटलं की ३० सेकंद थांबून परत सुरू. अडचण एवढीच की समोरच्या सर्व्हरवर पण आरसिंक लागतं, आणि विंडोजवर ते सरळ मिळत नाही, डब्ल्यूएसएल (विंडोजमध्ये लिनक्स चालवायची सोय) वगैरे घालावं लागतं, कमांडची सवय नसेल तर ऐन सीझनला हे शिकायला जाऊ नका.

काहीही वापरा, कॅमेऱ्याचं कार्ड फॉरमॅट करण्याआधी दोन्हीकडचा चेकसम (फाइलमधल्या डेटावरून निघणारा तपासणीचा आकडा) जुळवा, कुणाच्या घरचं लग्न परत शूट करता येत नाही.