हरकती-सूचना की जनसुनावणी?

अग्निसुरक्षेचा कायदा बदलायचा, तर लोकांचं ऐकायचं कसं? एक वाट लेखी हरकती-सूचनांची. केंद्राच्या 2014 च्या धोरणानुसार मसुदा किमान 30 दिवस लोकांसमोर ठेवायचा असतो. कागद राहतो, मुद्दा नेमका येतो. पण ती सरकारी भाषा वाचतानाच दमछाक होते.

दुसरी जनसुनावणी. गोंगाट फार, माइक पुढाऱ्यांच्या हाती. तरी माझं मत हिलाच. महाराष्ट्राच्या 2006 च्या अग्निसुरक्षा अधिनियमाखाली सोसायटीने दर जानेवारी-जुलैत ‘फॉर्म बी’, म्हणजे आग विझवायची यंत्रणा चालू असल्याचा दाखला, द्यायचा असतो. फाइलीत तो चोख असतो. होजरील (आग विझवायचा गुंडाळलेला पाइप) कोरडा नि त्याच्या डक्टमध्ये, म्हणजे पाइपांच्या कोनाड्यात, झाडू-बादल्या कोंबलेल्या, हे ठाऊक असतं वॉचमनला. तो हरकत लिहून कशाला पाठवतोय? समोर विचारलं तर सांगेल, तेही सेक्रेटरी शेजारी बसले नसतील तर.