पद्मिनीचा फुल लॉक सेट: घ्यायचा तर इग्निशनसाठी घ्या

जुन्या फियाट, पद्मिनी किंवा अ‍ॅम्बेसेडरचं काम काढलं की ‘फुल लॉक सेट’ हा खोका कुणीतरी सुचवतंच. आत इग्निशन स्विच, दारांची कुलपं, डिकीचं कुलूप आणि सगळ्यांना चालणाऱ्या एकसारख्या किल्ल्या असतात. काही संचांत पेट्रोलच्या टाकीचं झाकणही येतं. हे सगळे संच अलीकडे बनवलेली नक्कल आहेत, कंपनीचा जुना शिल्लक माल नव्हे. आमचं मत सुरुवातीलाच सांगतो: इग्निशन स्विचसाठी संच घेण्यासारखा आहे, डिकीचं कुलूप चालून जातं, पण दारांची मूळ कुलपं काढून ही बसवू नयेत.

त्याआधी एक तपासणी करा, कारण निम्म्या वेळा दोष कुलपाचा नसतोच. दार खालून हातानं किंचित उचलून लावून बघा. उचलल्यावर सहज लागत असेल, तर बिजागरीच्या पिना झिजल्यात आणि दार लोंबतंय. कुलूप बदलून काही होणार नाही. दुसरं, आतलं पॅड काढा, कुलूप सोडवा आणि लॅच, म्हणजे दार धरून ठेवणारा खटका, नुसत्या स्क्रू ड्रायव्हरनं फिरवून बघा. लॅचच जड असेल तर आतलं जुनं ग्रीस वाळून मेणासारखं झालेलं असतं. रॉकेलनं धुऊन नवं ग्रीस भरलं की तो मोकळा होतो. हे दोन्ही ठीक निघालं, तरच कुलपाकडे वळा.

आमच्याकडे कुलपं जाम होण्याची कारणं ठरलेली आहेत. खानापूरच्या अंगाला चार महिने पाऊस, आणि पाऊस सरला की तांबडी माती. दाराच्या तळाला पाणी निघून जायला भोकं असतात. ती मातीनं बुजतात, पाणी दारातच साचतं आणि ओल खालून वर चढते. गाडीच्या कुलपात पाच-सहा पितळी पत्त्या आणि प्रत्येकीमागे केसासारखी बारीक स्प्रिंग असते. किल्ली घातली की सगळ्या पत्त्या फिरणाऱ्या नळीच्या कडेला सपाट येतात, म्हणून नळी फिरते. स्प्रिंग गंजून तुटली किंवा पत्तीखाली मातीचा कण बसला, की तेवढी एक पत्ती बाहेर राहते आणि कुलूप अडतं. त्यावर वर्षानुवर्षं मोटार ऑइल सोडलं गेलं असेल तर आत तेल-मातीचा लगदाच तयार होतो.

अशा कुलपावर पाना लावून किल्ली फिरवू नका, ती आतच तुटते. गॅसची ज्योत तर कधीच नको. बहुतेक कुलपांचं बाहेरचं घर जस्ताच्या मिश्रधातूचं असतं आणि ते ३८५ अंश सेल्सियसच्या आसपास वितळतं, लोखंड लालही होत नाही इतक्या कमी उष्णतेत. कुलूप काढून कडकडीत गरम पाण्यात दहा मिनिटं बुडवा, मग पेनिट्रेटिंग ऑइल (गंजात झिरपणारं पातळ तेल) मारून रात्रभर ठेवा. सकाळी किल्ली न फिरवता नुसती आत-बाहेर करा, पंचवीस-तीस वेळा. एकेक पत्ती सुटू लागल्याचं हाताला कळतं. घरावर पांढरी भुकटी येऊन ते फुगलं असेल, तर मात्र ते कुलूप गेलं.

आता खोक्यातल्या मालाबद्दल. दाराच्या मूळ कुलपाची नळी पितळेची, नव्या संचात ती बहुधा जस्ताची असते. पत्त्या पत्र्यातून ठोकून काढलेल्या, त्यांच्या कडा न घासलेल्या. त्यामुळे नवी किल्लीही खरखरते आणि मऊ नळीला आतून चरे पाडते. क्रोम पातळ असतो, एका पावसाळ्यात त्यावर फोड दिसू लागतात. सर्वांत मोठी कटकट मागच्या शेपटीची. ही चौकोनी पट्टी लॅचच्या खाचेत बसते. ती दोन-तीन मिलिमीटर आखूड असली तर दार आज उघडतं आणि महिन्याभरात किल्ली नुसतीच गरगर फिरू लागते. जास्तीची लांबी घासता येते, आखूड पट्टी वाढवता येत नाही. म्हणून जुन्या शेपटीच्या टोकापर्यंतची लांबी व्हर्नियरनं मोजूनच ऑर्डर द्या आणि खोका आल्यावर आधी तेवढंच ताडून बघा. हँडलखालचा रबर वॉशरही संचात बहुतेक नसतो. तो नसेल तर पाणी थेट कुलपामागे उतरतं. जुन्या ट्यूबमधून दोन मिलिमीटर जाडीचा कापून घेतला तरी चालतो.

दारांसाठी याहून चांगला मार्ग म्हणजे मूळ कुलपाच्या आतल्या पत्त्या आणि स्प्रिंगा बदलणं. किल्ली आत ठेवूनच नळी बाहेर ओढा, म्हणजे पत्त्या उडत नाहीत. मग एकेक पत्ती काढून क्रमानं ओळीत मांडा. क्रम चुकला तर सगळं काम पहिल्यापासून. नळी आणि घर पेट्रोलनं धुवा, वाळवा. स्प्रिंगा सगळ्या बदला, एक-दोन नव्हे. बदलीच्या पत्त्यांसाठी भंगारातलं त्याच जातीचं एखादं कुलूप घ्यावं. बेळगावात, कोल्हापुरात शोधून मिळालं नाही तर मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड आहे. पद्मिनी जिथं बनत होती, त्याच कुर्ल्यात तिचे भाग अजून निघतात.

किल्लीवाल्याकडे जुनी झिजलेली किल्ली देऊन तशीच दुसरी मागू नका. झीजही तशीच्या तशी उतरते आणि नवी किल्लीही अडते. कुलपाच्या अंगावर किंवा किल्लीच्या डोक्यावर नंबर असेल तर त्यावरून, नसेल तर पत्त्यांच्या उंचीवरून किल्ली कापून घ्यावी. सोबत आरसी न्या. गाडी केए २२ असो की एमएच ०९, मालकीचा कागद मागणारा किल्लीवालाच निवडा. किल्ली घातल्यावर एखादी पत्ती किंचित बाहेर राहत असेल तर काहीजण कानस मारून ती सपाट करतात. एका पत्तीपुरतं ते चालेल. तीन-चार पत्त्या घासल्या तर ते कुलूप त्याच खाचेच्या जवळपास कोणत्याही किल्लीनं उघडेल.

इग्निशनची गोष्ट वेगळी. तिथं कुलपाइतकाच आतला विजेचा संपर्क महत्त्वाचा असतो, आणि चाळीस-पन्नास वर्षांत तांब्याचे ते पॉइंट जळून खड्डे पडलेले असतात. ते घासून टिकत नाहीत. म्हणून नवा स्विच घ्यायचा. बसवताना पहिलं काम बॅटरीची निगेटिव्ह वायर काढणं. मग वायर सोडण्याआधी प्रत्येकीला टेपची चिठ्ठी लावा, कारण जुन्या गाड्यांत मधेच कुणीतरी रंग बदललेले असतात. पाठीवर आकडे असतील तर ३० म्हणजे बॅटरीचा सततचा करंट, १५ म्हणजे इग्निशन आणि ५० म्हणजे स्टार्टर. नळी काढायला किल्ली मधल्या खुणेवर आणून बाजूच्या बारीक भोकात दीड-दोन मिलिमीटरची तार दाबावी लागते. नळी अडकवून ठेवणारी खिटी आत गेली की नळी हातात येते. किल्लीच फिरत नसेल तर ड्रिलला पर्याय नाही: आधी तीन मिलिमीटर, मग सहा, आणि जोर न देता.

नव्या स्विचचे टर्मिनल ढिले असतात, ही या संचाची नेहमीची खोड. पक्कडीनं दाबून घट्ट करा. इंजिन चालू करून सगळे दिवे लावा आणि मल्टिमीटरनं स्विचच्या आत येणाऱ्या व बाहेर जाणाऱ्या टोकांमधला फरक बघा. ०.२ व्होल्टच्या वर असेल तर जोड तापणार. हेडलाइटचा भार स्विचवरून जात असेल तर रिले, म्हणजे तो भार स्वतःवर घेणारा वेगळा विजेचा स्विच, टाकाच, नवा स्विचही वाचेल.

संच मागवताना दोन-चार कोऱ्या किल्ल्या सोबत मागवून ठेवा. त्या खाचेच्या कोऱ्या किल्ल्या नंतर इकडच्या गावांत हुडकून सापडत नाहीत. बसवून झाल्यावर तेल नको, बारीक ग्रॅफाइट पावडर फुंका. फाउंड्रीत वापरतात ती जाडसर नको, ती पत्त्यांमध्ये अडकते. कुलपात आधीचं तेल राहिलं असेल तर पावडरचा चिखल होतो, म्हणून आधी पेट्रोलनं धुणं आलंच. मग दर वर्षी मृगाच्या आत एकदा पावडर, आणि त्याच दिवशी दाराच्या तळाची भोकं तारेनं मोकळी करून घ्यायची.