जीपीएसवाले वॉकी-टॉकी : एका पावसाळ्याच्या वापरानंतर

जून ते ऑक्टोबर, जवळपास दर शनिवार-रविवार हे सेट आमच्याबरोबर सह्याद्रीत भिजलेत. तीस जणांची बॅच, पुढे लीड, शेवटी टेल आणि मध्ये धुकं, अशी आमची गत. म्हणून ही खरेदी.

आधी सिमकार्डवाले दोन सेट आणून पाहिले. नकाशा झकास, पुण्यात बसून मुंबईतला माणूस दिसतो. पण ते चालतात मोबाइलच्याच टॉवरवर. खिरेश्वरहून तोलार खिंडीच्या जंगलात शिरलो, फोनची रेंज गेली आणि सेटही मुके झाले. परत केले.

मग डीएमआरचे, म्हणजे डिजिटल रेडिओ पद्धतीचे, सहा घेतले, पाच वॉटचे. सेट टू सेट थेट बोलणं. स्क्रीनवर दुसऱ्याचं अंतर आणि दिशा दिसते. पण दुकानात कुणी सांगत नाही ते असं, की उपग्रहामुळे सेटला फक्त स्वतःची जागा कळते. ती माझ्यापर्यंत येते रेडिओच्याच लहरींवर. मध्ये डोंगराची सोंड आली की आवाज जातो आणि जागाही गोठते. सप्टेंबरात हरिश्चंद्रगडावर टेल 210 मीटरवर दिसत होता. म्हटलं, येतीलच, आणि चहा टाकला. चहा संपला तरी आकडा 210 च. तेव्हा कुठे खालची बारीक वेळ वाचली : नोंद 14 मिनिटांपूर्वीची. मंडळी केव्हाच चुकीच्या पायवाटेला लागली होती. सोंडेवर चढून हाका मारल्या तेव्हा सेट बोलला. शिवाय ते अंतर सरळ रेषेतलं असतं. मध्ये कडा असला तर 210 मीटरला पाऊण तासही लागतो.

सांदण दरीत जीपीएसची आशाच सोडा. वर आकाशाची चिंचोळी पट्टी, त्यामुळे जागा भलतीकडेच उड्या मारते.

पहिल्या महिन्यात हौसेने दर 30 सेकंदांनी लोकेशन पाठवायला लावलं होतं. बटण दाबावं तर चॅनेल सारखा बिझी, बॅटरीही संध्याकाळपर्यंत बसायची. आता पाच मिनिटांवर ठेवलंय, शिवाय बोलून बटण सोडलं की लोकेशन आपोआप जातं. बॅटरी रविवारी दुपारपर्यंत पुरते.

पाण्याचं म्हणाल तर आयपी67 (धूळ-पाणी आत न शिरण्याचा दर्जा) खरं आहे, पण बाजूच्या माइकच्या जागेवरचं रबरी झाकण घट्ट असेल तरच. एकाचं सैल राहिलं, पाणी शिरलं आणि सेट आपला आपणच ट्रान्समिट करत बसला. बाकी पाचजणांची तोंडं बंद! त्या दिवसापासून टाइम-आउट टायमर, म्हणजे सलग ट्रान्समिट आपोआप तोडणारी मर्यादा, 60 सेकंदांवर.

दुकानदार म्हणाला, ‘लायसन्स-बियसन्स काही लागत नाही.’ 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झवाल्या छोट्या सेटना लागत नाही, हे खरं. आमच्यासारख्या सेटना लागतं. संस्थेकडे आधीचा परवाना होता, त्यातल्याच फ्रिक्वेन्सी भरून घेतल्या. बिल करण्याआधी ईटीए, म्हणजे त्या मॉडेलच्या सरकारी मंजुरीचं, प्रमाणपत्र मागा, दुकानदार कुरकुरला तरी.

आखूड अँटेना मात्र दिसायलाच बरी. दिवाळीनंतर टेलच्या सेटला लांब बसवली, आता सोंडेआडूनही तुटक का होईना, आवाज येतो.