चहा अव्वल, खेळ मात्र व्यासपीठावरचे: मोठ्यांच्या चहापानासाठी घेतलेल्या एका सेवेविषयी

माझ्या थोरल्या बहिणीची, म्हणजे आमच्या ताईची, साठी यंदा जानेवारीत झाली. तिला जेवणावळ नको होती, हॉटेल नको होते आणि ओवाळण्यापलीकडे कोणताही विधी नको होता. दुपारी चारला सगळ्यांना चहाला बोलवायचे, दोन-अडीच तास हसायचे-खेळायचे आणि दिवेलागणीनंतर फार उशीर न करता आपापल्या घरी जायचे, एवढीच तिची इच्छा होती. घरातली, नात्यातली आणि तिच्या जुन्या कचेरीतली मिळून एकतीस माणसे जमणार होती. त्यांत सर्वांत लहान चौतीस वर्षांची भाचेसून आणि सर्वांत मोठे एक्याऐंशी वर्षांचे नानाकाका. मूल एकही नव्हते. कोथरूडमधला आमच्या सोसायटीचा तळमजल्यावरचा हॉल मिळाला आणि चहा, फराळ व खेळ असे तिन्ही एकत्र करून देणारी एक सेवा ओळखीतून मिळाली. पुढे तक्रारही लिहिणार असल्यामुळे या मंडळींचे नाव देत नाही. मात्र अशा प्रकारच्या सेवा हल्ली पुण्यात बऱ्याच ठिकाणी मिळू लागल्या आहेत आणि त्या घेताना नेमके काय विचारावे, हे मला आधी कळले असते तर बरे झाले असते.

आकार असा होता: चहा आणि फराळ माणशी 260 रुपये, कागदी पेल्यांऐवजी चिनी मातीच्या कपबशा हव्या असल्यास माणशी आणखी 15 रुपये, दोन तासांच्या खेळांचे निवेदकासह 6,000 रुपये आणि खास छापून घेतलेल्या हाऊजीच्या तिकिटांचे 900 रुपये. एकूण बिल 15,425 रुपये झाले. कपबशांचे पैसे अनाठायी आहेत असे घरात एक-दोघांचे मत होते. नानाकाकांनी पहिला चहा बशीत ओतून, फुंकर न घालता, डोळे मिटून प्यायला तेव्हा ते मत मागे घेतले गेले. कागदी पेला हातात धरलेला माणूस चहा संपवून तो कुठे टाकायचा हे शोधू लागतो; कपबशी घेतलेला माणूस खुर्ची शोधतो, बसतो आणि शेजारच्याशी बोलू लागतो.

चहा करणारे गृहस्थ साडेतीनलाच आले. थर्मासमध्ये भरून आणलेला चहा नळ सोडून वाढायचा, असा प्रकार असेल अशी माझी समजूत होती, परंतु त्यांनी हॉलच्या मागच्या पॅसेजमध्ये शेगडी लावली, पितळी पातेले चढवले आणि खलबत्त्यात वेलदोडे सालासकट, थोड्या साखरेबरोबर कुटायला घेतले. आले त्यांनी आधी नुसत्या पाण्यात चांगले उकळून घेतले, मग चहापत्ती टाकली आणि दूध सर्वांत शेवटी घातले. कच्चे आले थेट दुधात पडले तर दूध फाटण्याचा धोका असतो, हे आपल्यापैकी बहुतेकींनी एकदा तरी स्वतःच्या ओट्यापाशी अनुभवले असेल. चहा फडक्यातून गाळला जात होता, त्यामुळे शेवटच्या घोटाला गाळ लागत नव्हता. बिनसाखरेचा चहा वेगळ्या पातेल्यात होता आणि तो मागावा लागला नाही. मागितलेल्याला मिळणे आणि न मागता समोर येणे यांत साठीच्या पुढच्या मंडळींच्या लेखी फार अंतर असते. दुसरी फेरी सहा वाजता ठरली होती, ती सहालाच आली आणि सकाळच्या चोथ्यावर पाणी ओतून केलेल्या चहाची आठवण तिने करून दिली नाही.

एका प्रसंगाने या गृहस्थांविषयीचा माझा आदर वाढला. भाचेसुनेने हौसेने दार्जिलिंग चहाचे पाकीट आणले होते. दूध घालून उकळायचा चहा करणाऱ्या माणसाकडे ते सोपवताना मला थोडी धास्ती वाटली, कारण लांब पानाचा हा चहा आपल्या दाणेदार सीटीसी चहासारखा उकळला की कडवट होतो आणि त्याचा गंध जातो. त्यांनी काही न विचारता पाणी उकळून गॅस बंद केला, पाने घातली, वर झाकण ठेवले, घड्याळाकडे पाहून तीन मिनिटांनी गाळले आणि दुधाचे भांडे त्या ट्रेजवळ फिरकूही दिले नाही.

फराळाविषयी थोडक्यात सांगते. मटारच्या करंज्या गरम आणि खुसखुशीत होत्या, सुरळीच्या वड्यांवरचे खोबरे ताजे होते, खारी आणि नानखटाई जशी असायला हवी तशी होती. काकडी-चटणीची सँडविचेस मात्र कडेला वाळली होती. ती ओल्या फडक्याखाली झाकून ठेवण्याची साधी काळजी कोणी घेतली नव्हती.

आता खेळांकडे वळते, कारण माझी खरी तक्रार तिथेच आहे. निवेदक तरुण होता, बोलायला चटपटीत होता आणि वागायला सभ्य होता, हे आधीच नोंदवते. परंतु त्याने आणलेले खेळ भिशीतल्या किंवा गणेशोत्सवातल्या व्यासपीठावर चालणारे होते. घोट्याला बांधलेले फुगे एकमेकांच्या पायाने फोडायचे, एका मिनिटात केसांत जास्तीत जास्त स्ट्रॉ खोचायच्या, कपाळावर ठेवलेले बिस्कीट हात न लावता तोंडापर्यंत आणायचे. या प्रकारांत दोघे-चौघे खेळतात आणि बाकीचे सत्तावीस जण टाळ्या वाजवण्यासाठी असतात. शिवाय खेळणाऱ्याला कपबशी खाली ठेवावी लागते, चष्मा काढावा लागतो आणि गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली असेल तर सर्वांसमोर ते कारण सांगून नकार द्यावा लागतो. आमच्याकडे अशी तीन माणसे होती. फुग्यांच्या खेळासाठी नाव पुकारले गेले तेव्हा ताईची एक मैत्रीण ज्या घाईने स्वच्छतागृहाकडे निघाली, ती पाहून मला यजमान म्हणून ओशाळल्यासारखे झाले. त्यात तीस माणसांच्या बंद हॉलमध्ये शंभर माणसांच्या मैदानाला पुरेल असा ध्वनिक्षेपक लावला होता. आवाज दोनदा कमी करायला सांगितला. तो कमी झाला आणि पुढच्या गाण्याला पुन्हा वाढला.

हाऊजी मात्र मनापासून रंगली. नेहमीच्या तिकिटावर तीन ओळी, नऊ रकाने आणि पंधरा आकडे असतात आणि एक ते नव्वद यांपैकी निघालेला आकडा खोडायचा असतो. इथे आकड्यांच्या जागी शब्द होते. सेवेने दोन आठवडे आधी आमच्याकडून ताईच्या आयुष्यातले चोवीस शब्द मागवून घेतले होते: तिची शाळा जिथे होती ते वाई, तिची पहिली बदली झाली ते सोलापूर, तिची लुना, तिला न जमणारी पुरणपोळी, तिने तीनदा सोडलेली पेटीची शिकवणी. प्रत्येक तिकिटावर त्यांतले नऊ शब्द होते. शब्द निघाला की तिकीट खोडण्याआधीच कोणीतरी त्यामागची हकिकत सांगू लागे आणि ताई तिचे खंडन करू लागे. लुना निघाली तेव्हा पाच मिनिटे पुढचा शब्दच काढता आला नाही. कल्पना उत्तम होती आणि चहाचा कप हातातून खाली ठेवावा लागत नव्हता.

तिची अंमलबजावणी मात्र ढिसाळ होती. 'पेटीची शिकवणी' हे 'पेटिची शिकवणि' असे छापून आले होते, आणि ताईने तीस वर्षे कचेरीत मसुदे तपासण्याचे काम केले असल्यामुळे तिने पहिल्याच मिनिटाला पेन्सिलीने ते दुरुस्त केले. हे एक वेळ हसण्यावारी नेता आले असते. परंतु पूर्ण तिकिटाचा पुकारा झाला तेव्हा दोघे एकदम उठले आणि दोघांची तिकिटे शब्दन् शब्द सारखी निघाली. मग सगळ्यांनी तिकिटे जुळवून पाहिली. एकतीस तिकिटांत सारख्या तिकिटांच्या चार जोड्या होत्या. माझ्या भावोजींनी, जे निवृत्त गणिताचे शिक्षक आहेत, तिथल्या तिथे कागदी रुमालावर हिशेब करून दाखवला की चोवीस शब्दांतून नऊ निवडण्याचे प्रकार तेरा लाखांहून अधिक होतात, म्हणून एकतीस वेगवेगळी तिकिटे काढणे अवघड म्हणता येणार नाही. निवेदकाने बक्षीस वाटून घ्यायला सुचवले. बक्षीस एक किटली होती.

त्या दुपारचा सर्वांत चांगला खेळ बिलात नव्हताच. किटलीचा वाद चालू असताना चहा करणाऱ्या गृहस्थांनी मला हळूच विचारले की, वास ओळखण्याचा खेळ लावू का. त्यांनी एकाच चहापत्तीचा, एकाच दुधाचा चहा पाच लहान पातेल्यांत वाटून घेतला आणि एकात आले, एकात सुंठ, एकात वेलदोडा, एकात जायफळ आणि एकात मिरी घालून उकळी आणली. प्रत्येकाला दोन-दोन घोटांच्या पाच वाट्या आणि एक कागद मिळाला. नियम एकच होता, कोणी मोठ्याने उत्तर सांगायचे नाही, आणि तो अर्थातच कोणी पाळला नाही. आले व वेलदोडा बहुतेकांनी ओळखले. सुंठ आणि मिरी यांत मात्र रोज स्वयंपाक करणाऱ्याही फसल्या, मी स्वतः फसले, आणि "ही सुंठच आहे, मी पैज लावते" असे म्हणणाऱ्या माझ्या वहिनीपुढे मिरीची वाटी निघाली. जायफळ नानाकाकांनी पहिल्या घोटाला ओळखले आणि लहानपणी झोप येण्यासाठी आई ते दुधात उगाळून देत असे, हे सांगता सांगता ते खरोखरच जांभई देऊ लागले. पाचही बरोबर एकाचेही आले नाहीत. पाऊण तास हा खेळ चालला. त्यात कोणाला उठावे लागले नाही, कोणी नुसता प्रेक्षक राहिला नाही आणि ध्वनिक्षेपक आपोआपच बंद झाला होता.

त्यानंतर निवेदकाची वेळ शिल्लक असूनही त्याला आम्ही चहा देऊन बसवले. एका टेबलावर बदाम सात सुरू झाले, दुसऱ्यावर मेंढीकोट, आणि खिडकीपाशी गाण्याच्या भेंड्या. सात वाजता हॉल रिकामा करायचा होता, तो साडेसातला झाला.

पैशांच्या बाबतीत सेवेची वागणूक सरळ होती. तिकिटांची चूक दाखवल्यावर त्यांनी 900 रुपये बिलातून कमी केले, वाद घातला नाही, आणि आम्ही 14,525 रुपये दिले. खेळांच्या 6,000 रुपयांविषयी मात्र "आमचे पॅकेज असेच असते, इतरांना आवडते" असे उत्तर मिळाले. ते खरेही असेल. पंचविशीतल्या मंडळींना किंवा मोठ्या मैदानातल्या कार्यक्रमाला हेच खेळ आवडू शकतील. म्हणून ही सेवा घेणाऱ्याने खेळांची यादी आधी लेखी मागवावी, त्यांतले किती खेळ बसून आणि सर्वांना एकदम खेळता येतात हे विचारावे, छापील तिकिटांची मुद्रिते आणि जोड्या स्वतः तपासाव्यात, आणि शक्य असल्यास निवेदक वगळून केवळ चहा, कपबशा व शब्दांची हाऊजी एवढेच घ्यावे. तसे घेता येते, हे मला नंतर विचारल्यावर कळले.

मार्चमध्ये आमच्या भिशीला ते चहावाले गृहस्थ एकटेच येणार आहेत. पत्त्यांचे दोन जोड मी कपाटातून काढून ठेवले आहेत, आणि वहिनीने यंदा सरावासाठी घरी मिरीचा चहा करून पाहिला, असे तिच्या मुलीकडून कळते.