पार्टिशनवाइज जॉइन: आठ महिने वापरल्यावर

पोस्टग्रेस या डेटाबेसच्या ११ व्या आवृत्तीत, २०१८ साली, ‘एनेबल_पार्टिशनवाइज_जॉइन’ हे सेटिंग आलं: तुकड्यांत (पार्टिशनांत) विभागलेली दोन टेबलं जोडताना (जॉइन) तुकड्याला तुकडा जोडायचा. ते अजूनही मुळात बंदच असतं. का, ते मला आधी कळलं नव्हतं.

आमच्याकडे १६ वी आवृत्ती. ऑर्डर आणि ऑर्डरमधल्या वस्तू अशी दोन टेबलं, दोन्ही महिन्यावार, ३६-३६ पार्टिशनं. रात्रीचा रिपोर्ट दोन्ही जोडताना रखडायचा. सेटिंग चालू केलं, एक्सप्लेन (क्वेरी कशी चालणार तो प्लॅन दाखवणारी कमांड) काढलं, तर प्लॅन जसाच्या तसा. एरर नाही की वॉर्निंग नाही. जॉइन नुसत्या ऑर्डर क्रमांकावर होता; पार्टिशन की, म्हणजे ज्या कॉलमवर तुकडे पाडलेत ती तारीख, जॉइनच्या अटीत हवीच. ती घातली, तरी ढिम्म! अर्धा दिवस डोकं खाजवल्यावर दिसलं की एका टेबलात तो कॉलम डेट होता, दुसऱ्यात टाइमस्टॅम्प. डेटा टाइप दोन्हीकडे एकच लागतो. टेबल नव्याने बांधलं तेव्हा कुठे प्लॅन पालटला: आधी दोन अपेंडच्या (पार्टिशनं एकत्र आणणाऱ्या पायरीच्या) डोक्यावर एक भलामोठा हॅश जॉइन (एका बाजूचा मेमरीत तक्ता करून केलेली जोडणी) होता, आता एकाच अपेंडखाली ३६ छोटे. मेमरीत न मावणारे बॅचेस डिस्कवर सांडणं थांबलं आणि रिपोर्ट मार्गी लागला.

मग हुरळून सेटिंग अख्ख्या सर्व्हरला लावलं. एकच ऑर्डर उघडणाऱ्या क्वेरीत तारखेची अट नव्हती, त्यामुळे प्लॅनर (प्लॅन ठरवणारा भाग) पार्टिशनांच्या सगळ्या जोड्या चाळत बसायचा. प्लॅनिंगलाच एक्झिक्यूशनपेक्षा जास्त वेळ. शिवाय मेमरी. ‘वर्क_मेम’ची, म्हणजे कामासाठीच्या मेमरीची, मर्यादा क्वेरीला नसते, प्रत्येक हॅशला असते. मुळातले ४ एमबी, १५ व्या आवृत्तीपासून हॅशला त्याच्या दुप्पट, म्हणजे ३६ जॉइनचे २८८ एमबीपर्यंत. आम्ही वर्क_मेम ६४ एमबीवर नेलं होतं. गुणाकार तुम्हीच करा.

आता ते सेटिंग फक्त रिपोर्टच्या रोलला (डेटाबेसमधल्या वापरकर्त्याला) ‘ऑल्टर रोल’ने लावलंय. तिथेही एकदा फसलो: कनेक्शन पूलमधल्या (उघडी ठेवून पुन्हा वापरायच्या कनेक्शनांच्या साठ्यातल्या) जुन्या कनेक्शनना ते लागूच झालं नव्हतं, नव्या सेशनलाच लागतं.

मोठ्या, मोजक्या, तारखेवर जोडणाऱ्या क्वेरी असतील तर जरूर चालू करा. वेबवरच्या छोट्या क्वेरींसाठी नको. त्याचं भावंड, ‘पार्टिशनवाइज_अ‍ॅग्रिगेट’, आम्ही बंदच ठेवलंय: आमचं ग्रुप बाय (बेरजेसाठी गट पाडणं) ग्राहकावर असतं, त्यात पार्टिशन की नाही. मग प्रत्येक पार्टिशनची अर्धवट बेरीज होऊन ती पुन्हा एकत्र करावी लागते, आणि ग्राहक जवळपास दर महिन्याला तेच, त्यामुळे फायदा थोडाच.